माशी म्हणावे कोणाला?

अनेक वर्षे मी एका कीटकाला मधमाशी समजत होते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, फुलांवरची तीच लगबग आणि जवळ गेल्यावर आपला हात आपोआप मागे यावा असा रुबाब. वेगळेपण एवढेच होते की हा कीटक फुलासमोर हवेत खिळल्यासारखा स्थिर राहत असे, क्षणात बाजूला सरकत असे आणि पुन्हा तसाच थांबत असे. एकदा तो पाकळीवर विसावलेला असताना त्याच्यावर भिंग धरले आणि पंख मोजले. मधमाशीला चार पंख असतात. याला दोनच होते. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, अगदी आखूड होत्या आणि डोळ्यांनी जवळजवळ सारे डोके व्यापले होते. नांगीचा पत्ता नव्हता. तो सिर्फिडी कुलातला कीटक होता, म्हणजे मधमाशीचे सोंग घेतलेली खरी माशी होती.

माझ्या या चुकीला भाषेचाही थोडा हातभार होता, असे मला वाटते. मधमाशी आणि गांधीलमाशी या दोन्ही नावांत ‘माशी’ आहे, पण कीटकशास्त्राच्या हिशेबाने त्या दोघी मुंग्यांच्या नात्यातल्या आहेत. पिकांवर पडणारी पांढरी माशी ही माव्याच्या आणि ढेकणाच्या गोतावळ्यातली आहे. उलट डास, चिलट आणि घुंगुरटे यांना आपण कधीच माशी म्हणत नाही, आणि नेमके हे तिघे अस्सल माश्या आहेत. बोलीभाषेने घोंगावणाऱ्या बारीक जिवांना आकारावरून आणि उपद्रवावरून नावे दिली, शास्त्राने ती नात्यावरून दिली. दोघांचे हेतू वेगळे असल्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. तरीही ‘माशी म्हणावे कोणाला?’ हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यामागे लागला, आणि त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते येथे लिहीत आहे.

पहिले उत्तर सोपे आहे. ज्या कीटकाला उडण्यासाठी पंखांची एकच जोडी असते आणि मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक, टोकाला गोळी असलेल्या दांड्या असतात, तो द्विपंखी गणातला, म्हणजे डिप्टेरा गणातला. हे नाव ॲरिस्टॉटलइतके जुने आहे. दोन पंखांच्या कीटकांना मागच्या बाजूला नांगी नसते, हे निरीक्षणही त्याने नोंदवून ठेवले आहे. ते मी आधी वाचले असते, तर फुलावरच्या त्या बहुरूप्याला इतकी वर्षे भ्याले नसते.

मागच्या पंखांच्या जागी असलेल्या त्या दांड्यांना मराठीत संतोलक म्हणतात. ते पाहायचे असतील तर घरमाशीच्या मागे लागू नये, कारण तिच्यात ते पंखाच्या बुडाशी असलेल्या खवल्याखाली झाकलेले असतात. दिव्याच्या उजेडाला येऊन भिंतीवर बसणारी, डासाच्या कितीतरी पट मोठी आणि लांबलचक पायांची टिप्युलिडी कुलातली माशी त्यासाठी उत्तम. तिचे संतोलक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. उडताना ते पंखांच्याच वेगाने, पण उलट दिशेने वर-खाली होतात. शरीर जरासे वळले किंवा कलंडले की त्यांच्या बुडाशी असलेल्या शेकडो सूक्ष्म संवेदकांवर ताण पडतो आणि तोल सावरण्याची आज्ञा स्नायूंना तत्काळ मिळते. संतोलक काढून टाकले तर माशीला धड उडता येत नाही, हे विल्यम डरहॅम याने अठराव्या शतकाच्या आरंभीच प्रयोगाने दाखवले होते. संतोलक म्हणजे मुळात पंखच, याचा ठसठशीत पुरावा विसाव्या शतकात एडवर्ड लुईस यांच्या कामातून मिळाला. ड्रॉसोफिला या प्रयोगशाळेतल्या लाडक्या माशीत अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाचे काम बिघडवले की संतोलकांच्या जागी पूर्ण वाढलेले पंख येतात आणि चार पंखांची माशी जन्माला येते. याच संशोधनासाठी लुईस यांना १९९५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

म्हणजे गणाची सीमारेषा स्पष्ट आहे. वटवाघळांच्या केसांत राहणाऱ्या काही माश्यांना पंखच उरलेले नाहीत आणि त्या पाहताच कोळी आठवतात. पण त्यांनाही संतोलक असतात आणि त्यांचे बाकीचे नातेही लपत नाही. खरी कटकट सुरू होते ती सीमेच्या आत शिरल्यावर.

कार्ल लिनीयसने १७५८ साली द्विपंखी गणाची अवघ्या दहा वंशांत वाटणी केली. घरमाशीसाठी मस्का, डासांसाठी क्युलेक्स, गुरांचे रक्त पिणाऱ्या थोराड माश्यांसाठी टबॅनस असे ते दहा वंश होते. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने मुखांगांवर सारी भिस्त ठेवली आणि १८०५ मध्ये त्या आधारावर या गणाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पद्धत तर्कशुद्ध होती, पण दोन-तीन मिलिमीटरच्या वाळलेल्या माशीचे तोंड उकलून पाहणे ही त्या काळच्या भिंगांसाठी शिक्षाच होती. योहान विल्हेल्म मायगेन या जर्मन अभ्यासकाने दुसरी वाट धरली. शिकवण्या करून गुजराण करणाऱ्या या माणसाने शृंगिकांची घडण आणि पंखांतल्या शिरांची जाळी यांच्याकडे पाहायला सुरुवात केली. एकाच अवयवाचा हट्ट न धरता अनेक लक्षणे एकत्र तोलायची, ही त्याची रीत होती. पंखांतल्या शिरांवरून माशीचे कुल ठरवण्याची पद्धत आजही चालते. फळांभोवती घुटमळणाऱ्या त्या जगप्रसिद्ध ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टरला १८३० मध्ये शास्त्रीय नाव दिले, तेही त्यानेच.

मात्र एका ठिकाणी माशी शिंकली. मायगेनने १८०० साली एक छोटी पुस्तिका काढून नव्या वंशांना नावे दिली. ती फारशी कोणाच्या हाती पडली नाही. तीनच वर्षांनी त्याने स्वतःच पुन्हा लेखन प्रसिद्ध केले आणि त्यात त्यांपैकी अनेक वंशांना वेगळी नावे दिली. शंभर वर्षे ही दुसरी नावे सुखाने नांदली. मग १९०८ मध्ये फ्रिड्रिख हेंडेलने विस्मृतीत गेलेली ती पुस्तिका उजेडात आणली. आधी दिलेले नाव खरे, हा नामकरणाचा पायाभूत नियम असल्यामुळे अभ्यासकांत सरळ दोन तट पडले. पाण्याकाठी थवा करून नाचणाऱ्या, न चावणाऱ्या डाससदृश माश्यांच्या कुलाला काही जण कायरोनोमिडी म्हणत राहिले आणि काही जण टेंडिपेडिडी. शेवटी १९६३ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची पुस्तिका नामकरणापुरती रद्दबातल ठरवली. एखाद्याने केलेल्या कामावर त्याच्याच दुसऱ्या कामासाठी बंदी यावी, असे उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात रुळलेली ढोबळ विभागणी शिकायला सोपी आहे. शृंगिका लांब, मण्यांच्या माळेसारख्या अनेक सांध्यांच्या असतील तर ती माशी नेमॅटोसेरा गटातली. यात डास, चिलटे आणि लांब पायांच्या माश्या येतात. शृंगिका आखूड आणि मोजक्या सांध्यांच्या असतील तर ती ब्रॅकिसेरा गटातली. यात गुरांच्या मागे लागणाऱ्या टबॅनिडी कुलातल्या माश्या, हवेतच सावज पकडणाऱ्या असिलिडी कुलातल्या शिकारी माश्या आणि घरमाशी येतात. मीही आरंभी हीच विभागणी पाठ केली होती. पुढे कळले की तिचा एक पाय लंगडा आहे. ब्रॅकिसेरा हा खरा गट आहे, एका पूर्वजाची सारी प्रजा त्यात आहे. पण तो नेमॅटोसेराच्याच पोटातून निघालेला आहे. एका मोठ्या कुटुंबातून एक शाखा वेगळे घर करून राहिली आणि तिला नवे आडनाव मिळाले, म्हणून मागे उरलेले सगळे चुलते एकमेकांचे सख्खे भाऊ ठरत नाहीत. त्यांतला एखादा चुलता वेगळ्या झालेल्या शाखेला अधिक जवळचा असू शकतो. इथे तसेच झाले आहे. भाताच्या पोंग्यात वाढणारी गादमाशी आणि बुरशीवर जगणारी बारीक चिलटे दिसायला डासासारखी असली, तरी नात्याने ती डासापेक्षा घरमाशीला जवळची आहेत. दिसण्यावर विसंबून राहणाऱ्याला यापेक्षा मोठा धक्का क्वचितच बसेल.

ब्रॅकिसेराच्या आत जी पुढची मोठी फांदी फुटली, तिची ओळख मात्र मला फार देखणी वाटते, कारण ती एका कृतीवरून पटते. घरमाशीची अळी पूर्ण वाढली की आपली शेवटची कातडी टाकून देत नाही. ती कातडी आक्रसते, कडक आणि तपकिरी होते आणि तिचीच डबी बनते. खरा कोष त्या डबीच्या आत असतो. आता आतल्या नव्या माशीने बाहेर यायचे कसे? तिला चावायला जबडे नाहीत आणि पाय अजून मऊ आहेत. अशा वेळी तिच्या कपाळावरची एक आडवी फट उघडते आणि शरीरातल्या द्रवाच्या दाबाने तिथून फुग्यासारखी पिशवी बाहेर येते. पिशवी फुगते, आक्रसते, पुन्हा फुगते आणि तिच्या रेट्याने डबीचे टोक गोल झाकणासारखे उघडते. मातीत असेल तर याच पिशवीने माती बाजूला सारत माशी वर येते. काम झाल्यावर पिशवी कायमची आत जाते आणि फट मिटते. शृंगिकांच्या वर उलट्या नालाच्या आकाराची एक बारीक रेघ तेवढी मागे राहते. कोणत्याही घरमाशीच्या चेहऱ्यावर भिंगाखाली ही रेघ दिसते, आणि ती दिसली की त्या माशीने जन्मताना काय केले हे कळते. अशी रेघ असलेल्या साऱ्या माश्यांना स्किझोफोरा म्हणतात. मधमाशीचे सोंग घेणारी माझी सिर्फिडी डबीतून गोल झाकण उघडूनच बाहेर येते, पण तिच्याकडे ही पिशवी नसते, त्यामुळे ती या गटाच्या उंबरठ्याबाहेर राहते.

स्किझोफोराची पुढची वाटणी पंखाच्या बुडाशी असलेल्या खवल्यावरून करतात. खवला मोठा असलेल्यांत घरमाशी, मांसावर येणाऱ्या निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या आणि सुरवंटांच्या शरीरात वाढणाऱ्या टॅकिनिडी कुलातल्या माश्या आहेत. खवला लहान असलेल्यांचा गट हा बराचसा ‘उरलेसुरले’ या सदरातला असून त्याचे एकत्व संशयास्पद आहे; त्याच्या तपशिलात मी शिरत नाही.

ब्रायन वीगमन आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जनुके आणि शरीररचना या दोहोंच्या आधारे माश्यांचा वंशवृक्ष मांडला. त्यात या गणाचा इतिहास सुमारे २६ कोटी वर्षांचा दिसतो आणि नव्या शाखा एकदम फुटण्याचे तीन काळ ठळकपणे उठून दिसतात. पहिला सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा, दुसरा १८ कोटी वर्षांपूर्वीचा आणि तिसरा ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. हा तिसरा बहर स्किझोफोराचा, म्हणजे कपाळातून पिशवी काढणाऱ्यांचा आहे. डायनासोर संपले त्याच सुमारास घरमाशीच्या आप्तांची भरभराट झाली.

एवढे होऊनही नावांचे भांडण संपलेले नाही. दीड हजारांहून अधिक जाती असलेला ड्रॉसोफिला हा वंश एकसंध नाही, हे आता सर्वमान्य आहे. तो नियमाप्रमाणे फोडला तर मूळ नाव दुसऱ्या एका जातीच्या गटाकडे जाईल आणि मेलॅनोगॅस्टरला सोफोफोरा म्हणावे लागेल. शंभर वर्षांच्या आनुवंशिकीच्या साहित्यातली सर्वांत परिचित माशी एका रात्रीत परकी व्हावी, ही कल्पना अनेकांना सोसेना. मेलॅनोगॅस्टरकडेच ते नाव राहावे यासाठी खास सवलत द्यावी, ही विनंती नामकरण आयोगाने २०१० मध्ये फेटाळली. मात्र वंश फोडण्याची सक्तीही कोणावर नसल्यामुळे सारे जण जुनेच नाव वापरत आहेत. त्यात शेतीच्या पुस्तकांत ‘फळमाशी’ म्हणतात ती फळे पोखरणारी टेफ्रिटिडी कुलातली वेगळीच माशी असते, तर प्रयोगशाळेतली ‘फळमाशी’ मुख्यतः आंबणाऱ्या फळांवरच्या यीस्टवर जगते. एका मराठी नावाखाली दोन कुले, असा हा आणखी एक घोळ आहे.

आतापर्यंत जे लिहिले ते बहुतेक प्रौढ माशीबद्दल आहे: पंख, शिरा, शृंगिका, कपाळावरची रेघ. वर्गीकरण तिच्यावर उभे राहिले, कारण सापळ्यात सापडते ती प्रौढ माशी आणि टाचणीला टोचता येते तीही तीच. परंतु माश्यांच्या वैविध्याचा खरा संसार अळीच्या अवस्थेत होतो, असे माझे मत वाचत गेले तसे पक्के झाले. दक्षिण ध्रुव प्रदेशातली बेल्जिका अंटार्क्टिका ही पंखहीन माशी अळीच्या रूपात दोन हिवाळे गोठलेल्या जमिनीत काढते आणि प्रौढ म्हणून जेमतेम एक-दोन आठवडे जगते. या हिशेबात ‘माशी’ म्हणजे मुख्यतः तिची अळीच नव्हे का?

कोणत्याही माशीच्या अळीला सांधे असलेले खरे पाय नसतात, हे या गणातले न चुकणारे लक्षण आहे. डासासारख्या माश्यांच्या अळीला निदान कठीण, पूर्ण डोके असते. घरमाशीच्या अळीत तेही शरीरात ओढले गेलेले असते आणि तोंडाशी दोन काळे आकडे उरतात. बिनपायाचे, बिनडोक्याचे हे मऊ नळकांडे पाहून त्याला दुबळे समजण्याचा मोह होतो. पण पाय नाहीत म्हणजे ओलसर, मऊ पदार्थात घुसायला अडथळा नाही, आणि जिथे घुसता येते तिथे राहता येते. पानाच्या दोन पापुद्र्यांमधली फट, झाडाची गाठ, शेण, प्रेत, बुरशी, खारे तळे, धबधब्याखालचा दगड, जिवंत प्राण्याचे आतडे, या सगळ्या जागा कोणत्या ना कोणत्या माशीच्या अळीने बळकावल्या आहेत. कॅलिफोर्नियात जमिनीतून वर येणाऱ्या खनिज तेलाच्या डबक्यांत एका माशीच्या अळ्या पोहतात आणि तेलात पडून मेलेले कीटक खातात. अंगात तेल जाऊनही त्यांना अपाय होत नाही. आफ्रिकेत खडकांवरच्या खळग्यांत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यात पॉलिपेडिलम व्हॅन्डरप्लँकी या जातीच्या अळ्या राहतात. खळगा आटला की त्या पूर्ण वाळून जातात आणि वर्षानुवर्षे तशाच पडून राहून पाणी मिळताच पुन्हा हलू लागतात. न्यूझीलंडच्या गुहांच्या छताला तारांगणासारखे निळसर दिवे दिसतात, ते बुरशीवरच्या चिलटांच्या नात्यातल्या अरॅक्नोकॅम्पा या माशीच्या अळ्यांचे. प्रत्येक अळी चिकट धागे खाली सोडून उजेडाला भुललेले कीटक पकडते.

एकट्या सिर्फिडी कुलाकडे पाहिले तरी पुरे. प्रौढ रूपात या सगळ्या फुलांवरच्या सभ्य पाहुण्या. त्यांच्यापैकी काहींच्या अळ्या माव्यावर तुटून पडतात. काहींच्या अळ्या घाण पाण्यात राहतात आणि शेपटीसारखी लांब नळी पृष्ठभागापर्यंत वर काढून श्वास घेतात. मायक्रोडॉनची अळी मुंग्यांच्या वारुळात राहून मुंग्यांचीच पिले खाते. तिचा घुमटासारखा, बुळबुळीत, डोके-शेपूट न कळणारा आकार पाहून एकोणिसाव्या शतकात जाणत्या प्राणिशास्त्रज्ञांनी तिला गोगलगायींच्या वर्गात घातले आणि तसे शास्त्रीय नावही दिले. मधमाशी आणि माशी यांत गोंधळलेल्या मला या चुकीने मोठा दिलासा दिला.

काही ठिकाणी तर अवस्थांची वाटणीच उलटीपालटी झाली आहे. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीची मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी ती पोटात वाढवते, तिला दुधासारखा स्राव पाजते आणि पूर्ण वाढलेल्या अळीलाच जन्म देते. गादमाशीच्या कुलातल्या काही जातींत अळीच प्रौढ न होता आपल्या शरीरात पुढची पिढी वाढवते, आणि ती पिढी आईला आतून खाऊन बाहेर पडते. गेंड्याच्या जठरात वाढणाऱ्या जायरोस्टिग्मा माशीला गेंड्यावाचून घर नाही, त्यामुळे गेंडे घटले तशी तीही दुर्मीळ झाली.

आजवर नावे मिळालेल्या द्विपंखी जाती सुमारे १ लाख ६० हजार आहेत. ब्राझीलमधली गॉरोमायडस ही माशी ७ सेंटिमीटरपर्यंत वाढते, तर थायलंडमध्ये सापडलेली आणि २०१२ मध्ये नाव मिळालेली फोरिडी कुलातली एक माशी जेमतेम ०.४ मिलिमीटर भरते. लांब पायांच्या माश्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या चार्ल्स अलेक्झांडर यांनी एकट्याने ११ हजारांवर जाती आणि उपजातींचे वर्णन केले. इतक्या मेहनतीनंतर यादी पूर्ण होत आली असावी, असे मला वाटले होते. मग पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांचे २०१६ चे संशोधन वाचनात आले. कॅनडातल्या दहा लाख कीटकांच्या डीएनएचा एक छोटा तुकडा वाचून त्यांनी जातींचा अंदाज बांधला. गादमाशीच्या एका कुलातच, एकट्या कॅनडात, सुमारे १६ हजार जाती असाव्यात असे त्यातून निघाले, आणि तोच हिशेब जगाला लावला तर त्या कुलाच्या १८ लाख जाती होतात. या कुलातल्या नावे मिळालेल्या जाती काही हजारांतच आहेत. हा अंदाज पुढे खाली येईलही. तो निम्म्याने घटला तरी आजच्या साऱ्या माश्यांच्या यादीपेक्षा कितीतरी मोठा राहील.

त्या १६ हजारांपैकी बहुतेक जातींच्या खात्यावर आज डीएनएच्या तुकड्यावरून दिलेला एक क्रमांक आहे आणि तंबूसारख्या सापळ्यात अडकलेली दोन-तीन मिलिमीटरची प्रौढ माशी आहे. तिच्या पंखांतल्या शिरा मोजता येतात. तिची अळी कोठे राहिली, गाठीत की बुरशीत की दुसऱ्या एखाद्या अळीच्या पोटात, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.